जुम्म्याला दीड वाजता

बोरजळगावात कुणाच्या घरात किती गाद्या आहेत हे न चुकता सांगेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे नजीर पिंजारी. वाटूर फाट्यापासून सात किलोमीटर आत असलेल्या या गावात त्यानं तीस वर्षं लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजला. लेकीचं लग्न ठरलं की पहिला निरोप सोनाराला जायचा आणि दुसरा नजीरला. अंगणात धनुकली टांगली जायची, दिवसभर तिची टणटण चालायची आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला हा माणूस घरी निघाला की ओळखू यायचा नाही. दोन दिवस ज्याच्या अंगणात बसावं त्याच्या घरातलं सगळं आपोआप कळतं. थोरला धाकट्यावर का रुसलाय, सुनेच्या माहेराहून काय आलं नाही, म्हातारीला कोण विचारत नाही. नजीरनं यातला एक शब्द कधी दुसऱ्या अंगणात नेला नाही. म्हणून गावानं त्याच्यासाठी कधी दार लोटून घेतलं नाही.

असा माणूस पुढाऱ्याच्या नजरेतून सुटतो होय?

सहा वर्षांपूर्वी भुजंगरावांनी जनसेवा ग्रामविकास आघाडी काढली. भुजंगराव म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानाचे मालक. गाव त्यांना अण्णा म्हणतं. आघाडीचा फलक लागायच्या आधी ते नजीरच्या दारात आले आणि खाटेवर बसून म्हणाले, "नजीरभाई, तुम्ही काई करू नका. फक्त माझ्यासंगं घराघरात चला. तुम्ही संगं असले की माणूस आधी पाणी देतो, मंग ऐकतो."

नजीर हो म्हणाला, पण एका अटीवर. त्या अटीसाठीच ही हकिगत सांगायची.

गावाच्या उगवतीला नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडे कब्रस्तान. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. पण माणूस काही उन्हाळा बघून मरत नाही. अण्णा दारात यायच्या आदल्या वर्षी भर भादव्यात नजीरची बायको मदिना गेली. नाला कमरेएवढा चालला होता. चौघांनी जनाजा खांद्यावर घेऊन पाण्यात पाय घातले. मधल्या दगडावर पुतण्या जीशानचा पाय सरकला, जनाजा कलंडला आणि नजीरनं तो छातीनं अडवला. पण कफनाचं टोक गढूळ पाण्यात भिजलंच. मदिना इतकी टापटिपीची बाई, की ओल्या पदरानं ती कधी दारात उभी राहिली नव्हती. तिला शेवटच्या वाटेवर चिखलात भिजवून पोचवलं, ही गोष्ट नजीरच्या उरात काट्यासारखी राहिली. ज्याच्या उरात राहणार नाही तो माणूस कसला?

"नाल्यावर पूल पाह्यजे, अण्णा," तो तेव्हा म्हणाला होता. "मोठा नको. चार माणसं खांदा देऊन सुकी जातील एवढाच."

"झाला म्हणून समजा," अण्णा म्हणाले.

झाला म्हणून समजा! या तीन शब्दांवर या मुलखात जेवढे पूल उभे आहेत तेवढे सिमेंटवर नाहीत.

आघाडी निवडून आली. पहिल्याच वर्षी स्मशानभूमीला सिमेंटचा रस्ता झाला. दुसऱ्या वर्षी तिथं पत्र्याचं शेड आलं. तिसऱ्या वर्षी कमान झाली, कमानीवर अण्णांच्या वडिलांचं नाव आलं. हे सगळं चांगलंच झालं. मेलेल्या माणसाला सावली मिळाली तर कुणाचं पोट दुखायचं कारण नाही. नजीरचंही दुखलं नाही. कमानीच्या उद्घाटनाला खुर्च्या त्यानंच लावल्या होत्या.

आघाडीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णांच्या गोदामात व्हायची. खताच्या पोत्यांना टेकून मंडळी बसायची. बैठक तीन तास चालली तर त्यातले दोन तास बॅनरवर कुणाचा फोटो केवढा यावर जायचे. कुणाचं तोंड वाटाण्याएवढं झालं म्हणून तो रुसायचा, मग त्याला मोठा करायचा, मग शेजारचा रुसायचा. उरलेल्या तासात गाव यायचं. सगळ्यात शेवटी, लोक चपला शोधायला लागले की, सचिव तातेराव गुरुजी वहीतून वाचायचे, "विषय नववा, कब्रस्तान पूल." अण्णा उठता उठता म्हणायचे, "तो घेऊ पुढच्या बैठकीत." गुरुजी तसंच लिहायचे, आणि खाली हजेरीत नजीरची सही असायची. सतरंजी टाकायची, चहा सांगायचा, सही करायची आणि सतरंजी गुंडाळायची, एवढं त्याचं राजकारण.

त्याचा मुलगा रिजवान वाटूरला मशीन टाकून गाद्यांचं दुकान चालवायचा. तो एकदा जेवताना बोलून गेला, "अब्बा, वो लोगां तुमकु सतरंजी उचलनेच बुलाते." नजीरनं ताट बाजूला सारलं. खरं बोललेलं घास अडकवतं.

यंदा पुन्हा निवडणूक आली. पाच-सहा घरांच्या फरकानं गाव इकडचं तिकडं होणार हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून मुसलमानांच्या मोहल्ल्याची आठवण झाली. श्रावणातल्या बैठकीत ठरलं की मशिदीसमोरच्या चौकात कोपरा सभा घ्यायची, तालुक्याहून पाहुणे आणायचे आणि तिथंच पूल जाहीर करायचा. नजीर त्या दिवशी सरसावून बसला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "नजीरभाई, चहाचं बघा बरं जरा, जल्दी."

तो चहाला गेला आणि इकडे वार ठरायला लागला. गुरुवारी अण्णांना लग्न होतं, शनिवारी पाहुणे मोकळे नव्हते. राहिला शुक्रवार. अण्णा राहुकाळ पाहिल्याशिवाय नारळ फोडत नाहीत. गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरला चष्मा लावला आणि सांगितलं की शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ आहे. बारानंतर जवळच्या गावात पाहुण्यांचा सत्कार होता. मग दीड वाजता. सगळ्यांना सोयीचं! त्या गोदामात चौदा माणसं बसली होती. मशिदीसमोर, शुक्रवारी, दुपारी दीड वाजता मुसलमानाला सभेला बोलवायचं ठरलं आणि चौदांपैकी एकाच्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला नाही. जन्मापासून बांग ऐकत वाढलेली माणसं ही, कुठल्या परमुलखातून आलेली नव्हेत.

नजीर चहा घेऊन आला तेव्हा मोबाइलवर निमंत्रण गावभर गेलं होतं.

"अण्णा, जुम्म्याला दीडला तर नमाज..."

"आता वेळ गेली नजीरभाई. मेसेज गेला. तुम्ही हायेत ना? बराबर करता तुम्ही."

पाहुणे येणार, पूल जाहीर होणार. सहा वर्षं वाट पाहिलेला माणूस अशा वेळी गिळून घेतो. नजीरनं गिळलं.

त्या शुक्रवारी सव्वा वाजता तो चौकात एकटा पन्नास खुर्च्या लावत होता. धुतलेल्या कपड्यांतले त्याचे भाऊबंद, शेजारी, मशिदीकडे त्याच्या अंगावरून चालले होते. जीशाननं क्षणभर पावलं थांबवली, खुर्च्यांकडे पाहिलं आणि मान खाली घालून आत गेला. आत नमाजेआधीच्या प्रवचनाचा खुतबा सुरू झाला आणि बाहेर स्पीकरवर आघाडीचं प्रचारगीत. नजीर धावत गेला, त्यानं आवाज बंद केला आणि त्या पोंग्याखाली उभा राहिला. धनुकलीला हात लावल्यापासून त्याचा एकही जुम्मा चुकला नव्हता. मशिदीपासून पन्नास पावलांवर उभं राहून त्याचा तो चुकला, आणि तोही खुर्च्यांपायी. लाजेनं त्याच्या कानशिलांतून आग निघाली.

पाहुणे आले. समोर रिकाम्या खुर्च्या आणि सावलीत एक कुत्रं. त्यांनी घड्याळ पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि पावणेदोनला गाडी वळवली. दोनला नमाज सुटली तेव्हा चौकात धूळ आणि नजीर एवढंच शिल्लक होतं.

रविवारी बैठक भरली. अण्णांचा चेहरा उतरलेला होता. पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं होतं आणि त्याला कुणीतरी जबाबदार हवं होतं.

"या लोकांना आपल्याबद्दल आस्थाच न्हाई," अण्णा म्हणाले. "दारात गेलो तरी एक माणूस न्हाई आला. मंग आपण तरी काहून जीव काढायचा? गुरुजी, त्या पुलाचं जाहीरनाम्यातून काढून टाका."

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा गुरुजी," नजीर म्हणाला. तो सतरंजीच्या कडेला, दाराजवळ बसायचा. आज उभा राहिला. "ती वही द्या हिकडं."

त्याला वही मागताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या नवलाईतच गुरुजींनी ती दिली. नजीर सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. त्यानं पानं उलटत मोठ्यानं वाचलं. "विषय नववा, कब्रस्तान पूल. पुढील बैठकीत. विषय नववा, कब्रस्तान पूल. पुढील बैठकीत." अकरा वेळा वाचलं. बाराव्यांदा वाचायच्या आधी अण्णा म्हणाले, "अहो नजीरभाई, तुम्हाला कोण काय म्हणलं? मी तुमच्या लोकांबद्दल बोलून राह्यलो."

हे ऐकलं आणि सहा वर्षं गिळलेलं सगळं वर आलं.

"माझे लोकं? दीड वाजता माझे लोकं कुठं व्हते अण्णा? तुमच्या स्टेजपासून पन्नास पावलांवर मशिदीत व्हते. मीबी तिथंच पाह्यजे व्हतो. तुमच्या खुर्च्या लावत हुभा राह्यलो, माझा जुम्मा गेला. तुमचा राहुकाळ मला पाठ हाय. सोमवारी साडेसात ते नऊ. शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्या टायमाला मी तुमच्या दारात कव्हा कामाचं नाव काढलं न्हाई. का, तर अण्णा पाळतात. मंग माझा जुम्मा तुम्हाला म्हाईत न्हाई? गावातल्या कुत्र्याला म्हाईत हाय, तुम्हाला न्हाई?"

कुणी पोत्यांकडे पाहू लागलं, कुणी मोबाइलकडे. शेवटी पुष्पाबाई बोलल्या. त्या आघाडीच्या सदस्य. त्यांच्या दोन्ही लेकींच्या लग्नातल्या गाद्या नजीरनं भरलेल्या.

"बिलकुल खरं हाय नजीरभाऊंचं. आपण सगळे बसलो व्हतो इथं. मीबी बसले व्हते. आपल्याला शरम पाह्यजे."

अण्णांना शरम किती वाटली ते तेच जाणोत, पण पाच-सहा घरांचा हिशेब त्यांना पक्का येत होता. त्यांनी आवाज मऊ केला. "चुकलं म्हणा. पुन्हा सभा घेऊ. आता वेळ तुम्हीच सांगा नजीरभाई, तुम्ही म्हणाल ती."

"जुम्मा. दीड वाजता."

"पुन्हा दीड?"

"आम्ही आत असू. तुम्ही भाईर बसा. आम्ही सहा वर्षं थांबलो, तुम्ही अर्धा तास थांबा. आन गुरुजी, वही संगं आना."

पुढच्या शुक्रवारी नजीर नव्हे, आघाडीच्या दोघा पोक्त सदस्यांनी खुर्च्या लावल्या. वर डोंगराकडे दोन दिवस पाऊस लागून होता. अण्णा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उन्हात बसून राहिले. आत नजीर पहिल्या रांगेत होता. नमाज झाल्यावरही त्यानं घाई केली नाही. मदिनासाठी हात उचलले, सावकाश दुवा मागितली आणि मग उठला.

माणसं बाहेर आली. अण्णा हात जोडून उभे राहिले. पण खुर्चीवर कुणी बसलं नाही. सगळे नजीरच्या मागे चौक ओलांडून उगवतीला चालू लागले, आणि मागे राहिलेल्या आघाडीला त्यांच्या मागून जावंच लागलं.

नाला गुडघ्याच्या वर चालला होता. मोहल्ल्यातली माणसं पायजमे वर करून, एकमेकांना धरून पलीकडे गेली.

"हे इथनं दिसतंय की नजीरभाई," अण्णा काठावरून ओरडले.

"बैठक पल्याड हाय, अण्णा."

शंभर डोळे पाहत असताना मागं फिरणं पुढाऱ्याला परवडत नाही. अण्णा बुटांसकट पाण्यात उतरले. पांढरा पायजमा मांडीपर्यंत मातकट झाला. पाण्याला ओढ होती. मधल्या दगडावर पाय पडला आणि ते डगमगले, कसेबसे सावरले, आणि तिथंच थिजले. पुढेही जाववेना, मागेही येववेना. अलीकडच्या काठावरून गुरुजींनी वही छातीशी धरून हाक दिली, "अण्णा, काय लिहू?"

"लिहा! पूल पहिला! विषय पहिला लिहा!" अण्णा ओरडले आणि त्यांनी नजीरकडे हात लांब केला. "हात द्या नजीरभाई, पडतो की मी!"

नजीर पलीकडच्या बाजूच्या दगडावर, अण्णांपासून हातभर अंतरावर उभा होता. दोन्ही हात पाठीमागे होते.

"त्याच दगडावर मदिनाचा जनाजा कलंडला व्हता, अण्णा," तो म्हणाला. "तव्हा आमचा एकबी हात मोकळा नव्हता. या तसेच."