अप्पांच्या गाण्याची चाल

आईनं आयुष्यात माझ्याकडं फार काही मागितलं नाही, आणि शेवटचं जे मागितलं तेच मला देता येईना. खरं सांगते, तेव्हा मी प्रभूवर रुसले होते. जालन्यातल्या दवाखान्यात तिला ठेवून पाच दिवस झाले होते. वय एकोणनव्वद, श्वास पुरत नव्हता, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की घरच्यांना बोलावून घ्या. आईचं मात्र एकच चाललेलं, "अप्पांचं गाणं म्हण गं, सालदाराचं."

अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. घनसावंगीकडं गोदाकाठच्या एका गावात ते मास्तर होते. कुणाचं लेकरू कोणत्या घरचं हे त्यांनी कधी विचारलं नाही, समोर बसलं की त्यांचं झालं. शनिवारी शाळा सुटली की पेटी डोक्यावर घेऊन निघायचे, ओढा ओलांडून, दोन कोसांवरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला गायला शिकवायला. आणि घरात पाच लेकी. त्या काळात पाचही शिकवल्या. लोक म्हणायचे, मास्तर, पोरींना शिकवून काय करता? अप्पा म्हणायचे, पेटीला सगळ्या पट्ट्या लागतात बाबा. मी सात वर्षांची असताना ते गेले. माझी शाळा चौथीतच सुटली, पुढं जे काही वाचायला लिहायला आलं ते त्यांच्याच वह्या चाळून चाळून आलं. त्यांची नात म्हणवून घेताना आजही माझी मान आपोआप ताठ होते, त्याला काय करू!

तर त्या वह्यांत त्यांनी स्वतः रचलेली गाणी आहेत. आपल्याकडं गाण्याच्या वर चाल लिहितात ना, अमक्या गाण्याप्रमाणं म्हणावं, तसं त्यांनीही प्रत्येक गाण्यावर लिहिलंय. आणि या सालदाराच्या गाण्यावर काय लिहावं? "चाल : घरची." बास. घरात सगळ्यांना येत होती, मग लिहायची कशाला! अप्पा गेल्यावर आईनं ते गाणं कधी तोंडातून काढलं नाही, कुणी विषय काढला की ती उठून चुलीकडं जायची. त्यामुळं आम्हा लेकरांपर्यंत ते पोचलंच नाही. मावश्या एकामागं एक प्रभूकडं गेल्या. शब्द माझ्या हातात होते, "धन्या, तुझ्या रानात मी सालदार, भाकर तुझी अन् तुझाच आधार," पण चाल कुठून आणू?

मी काय काय करून पाह्यलं! जात्यावरच्या ओवीत म्हटलं, भजनाच्या ठेक्यात म्हटलं. आमच्या गायनमंडळीचा पेटीवाला येऊन कॉटपाशी चार चाली लावून गेला. आई डोळे मिटूनच मान हलवायची, "हे न्हाई." एकदा तर म्हणाली, "हे तर वरातीतलं झालं." बाजूच्या बाया हसल्या, मीही हसले, आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. वाटलं, ज्या माणसानं जन्मभर तुझी स्तुती गायली त्याचं एक गाणं तू सांभाळू शकला नाहीस का, प्रभू? असं बोलू नये, पण मी बोलले.

सहाव्या दिवशी रविवार होता. सकाळची वेळ, उपासनेला जाता आलं नाही म्हणून आईच्या पायाशीच बसले. वही मिटून पिशवीत टाकली आणि मनात म्हटलं, "माझ्याच्यानं होत नाही. मी आता शोधत नाही. तिला ते गाणं ऐकवायचं असेल तर तूच ऐकव, नाहीतर तुझ्याकडं आल्यावर अप्पाच ऐकवतील." एवढं म्हटलं आणि कितीतरी दिवसांनी हातपाय सैल पडले.

पलीकडच्या कॉटवर एक बाई होत्या, त्यांचे मालक सकाळीच गावाकडून आल्ते. धोतर, टोपी, वय पंच्याहत्तरच्या पुढं. ते फोनवर लेकाला उसाच्या रोपांचा हिशेब सांगू राह्यले होते. "सात सऱ्या, एका सरीला एकोणतीस. थांब जरा, सांगतो." आणि डोळे मिटून, मांडीवर बोटं आपटत गायला लागले, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

पाढा होता तो. पण माझ्या आईनं डोळे उघडले.

मी उठलेच. म्हटलं, "दादा, ही चाल कुठली?"

"चाल कशाची? पाढा हाय बाई एकोणतिसाचा."

"पण शिकवला कुणी?"

"आमच्या मास्तरानं. गोदाकाठच्या शाळंत पेटीवाले मास्तर व्हते. चुकलं की डाव्या हातानं कान पिळायचे, उजवा पेटीवरच! म्हनायचे, चालीत बसिवला की आकडा पळून जात न्हाई."

त्यांचा हात धरून आईच्या कॉटपाशी आणलं, कोण मास्तर, कोणाची लेक, सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्या माणसानं टोपी नीट केली आणि शाळेत उभं राहावं तसा उभा राहिला. त्यांनी पाढ्याची एक ओळ म्हणायची, मी त्याच चालीत गाण्याची एक ओळ म्हणायची, असं करत आम्ही पहिलं कडवं बसवलं. आईचे ओठ हलत होते. दुसऱ्या कडव्याला तिनं हात वर केला. "घाई करू नकोस. अप्पा इथं थांबायचे." मग श्वास घेत घेत तिनं स्वतःच म्हणून दाखवलं, पुरतं कडवं. म्हणून झाल्यावर त्यांच्याकडं पाहून विचारलं, "तू कोणाचा रे?" ते म्हणाले, "मास्तरांचा, बाई."

आई त्यानंतर चार दिवसांनी गेली, शांतपणे. मातीला ते दादा आपल्या गावच्या आणखी तीन म्हाताऱ्यांना घेऊन आले, जीप करून. मला हळूच म्हणाले, "ताई, देवाचे शब्द आमाला येत न्हाईत. पाढा म्हनला तर चालंल का?" मी आमच्या पाळकसाहेबांकडं पाह्यलं. ते म्हणाले, "बिलकुल चालेल." मग मंडळीनं कबरीपाशी गाणं म्हटलं आणि मागं ते चौघं टोप्या काढून त्याच चालीत एकोणतिसाचा पाढा. सुरुवातीला आमच्या घरातल्या दोन सुना पदर तोंडाला लावून हसल्या, मग रडल्या.

याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी वाद घालणार नाही. मी घरात शोधत होते, वहीत शोधत होते, आपल्याच माणसांत शोधत होते. अप्पांनी ते कुठं कुठं पेरून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं, प्रभूला माहीत होतं. मी हट्ट सोडला एवढंच माझं काम, बाकीचं त्यानं केलं. असा आजा दिलास, आणि त्याची लेक त्याच्याच सुरात घरी नेलीस, तुझे उपकार मानते, प्रभू.