चिमणीला सांगायचं कोणी?

फोटोकाकांचा स्टुडिओ म्हणजे अरुंद जिना चढून गेल्यावर लागणारी एक लांबुळकी खोली. पुढे पडदा आणि फिरतं स्टूल, मागे प्लायवूडच्या आडोशाला काकांचं घर. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, असं विचारणारी माणसंसुद्धा आता उरली नव्हती. ‘हनुवटी वर घ्या. खांदे सरळ. हलू नका.’ काकांचं जगाशी बोलणं बहुतेक एवढ्यावरच भागायचं.

चिमणी पहिल्यांदा आली ती आजोबांच्या कडेवर. जन्मापासून तिचे हातपाय तिच्या ताब्यात नव्हते, मान एका बाजूला कलायची आणि बोलता येत नव्हतं. आईबाप नव्हते. पोरीचं सगळं आजोबाच करायचे. कसल्याशा दाखल्यासाठी फोटो हवा होता. आजोबा निवृत्त कंडक्टर. धापा टाकत वर आले आणि म्हणाले, “आधीच्या दोघा फोटोवाल्यांनी आम्हाला मध्येच उतरवलं बघा. पोरगी स्थिर बसत नाही म्हणे. तुम्ही तरी जागा द्या.”

काकांनी नेहमीसारखा फ्लॅश मारला. त्यासरशी चिमणी नखशिखांत दचकली आणि रडायला लागली. काका वरमले. त्यांनी फ्लॅश काढून ठेवला, स्टूल बाजूला सारलं, खिडकीखाली गादी अंथरली आणि तिच्यासमोर जमिनीवर पालथे पडले. दुपार अशीच सरली. शेवटी कुणीच काही करत नसताना चिमणीने काकांकडे रोखून पाहिलं, आणि तो फोटो निघाला. मान कललेलीच होती, पण नजर सरळ होती.

आजोबा फोटोकडे बघतच राहिले. “ही खरी आमची चिमणी,” ते म्हणाले. “आत्ता सापडली.”

मग दर वाढदिवसाला दोघं यायला लागले. कर्णोपकर्णी झालं आणि तशी आणखी मुलं आली. एक मुलगा टेबलाखालून बाहेरच येईना, तेव्हा काकाच कॅमेरा घेऊन टेबलाखाली शिरले. एका आंधळ्या मुलीला आधी कॅमेरा चाचपून बघायचा होता; तिने तो बघितला, मग काकांचं नाकही बघितलं आणि कॅमेराच बरा आहे असं जाहीर केलं. पण ही मुलं फोटो झाला की आईबापांबरोबर जिना उतरून जायची. थांबायचे ते फक्त आजोबा. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला की चहा गार व्हायचा. चिमणी मध्येच डोळे वर करायची, म्हणजे ‘हो’. घट्ट मिटायची, म्हणजे ‘नाही’. आजोबा म्हणायचे, “आमच्या घरात हिचंच चालतं, मी नुसती घंटी वाजवतो.” वर्षातून एकदाच असं कुणी काकांकडे मनसोक्त बसायचं.

एका वर्षी वाढदिवस आला आणि गेला. काकांनी गादी उन्हात टाकून ठेवली होती. फोन लावला तर बंद. घराचा पत्ता ठाऊक होता, पण पाय निघेना. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून फोटोवाला कधी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो का? दुसरीकडे जात असतील, असं त्यांनी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर ते रुसले होते.

पुढे बऱ्याच महिन्यांनी गावाबाहेरच्या एका निवासी शाळेतून ओळखपत्रांच्या फोटोंचं बोलावणं आलं. तिथे हॉलमध्ये चाकांच्या खुर्च्यांची रांग होती आणि त्या रांगेत चिमणी. अंगाने वाढली होती. काकांना बघताच ती आनंदाने असं काही ओरडली की खुर्ची हलली. मग तिची नजर काकांच्या खांद्यावरून मागे दाराकडे गेली आणि तिथेच थांबली. काकांनीही वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

“हिचे आजोबा कुठे आहेत?” त्यांनी तिथल्या ताईंना विचारलं.

ताईंनी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. “तुम्ही नात्यातले का?”

“नाही. फोटोवाला.”

“आजोबा गेले हो. झोपेतच गेले. मग चुलत्यांनी हिला इथे आणलं.”

काका भिंतीला टेकले. म्हणजे वाढदिवसाच्या आधीच गेले होते ते. काकांना कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायचं तरी कोणत्या नात्याने? रडू आलं, तेही कुठे ठेवावं कळेना.

“हिला सांगितलंय?”

ताईंनी मान खाली घातली. “बाहेरगावी गेलेत असं सांगा म्हणाले घरचे. बोलत नाही, तर तिला काय समजतंय, असं त्यांना वाटतं. रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसते.”

काका मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. “मी सांगतो तिला.”

“तुम्ही कोण तिचे?”

“कुणी नाही. पण ती ज्यांची वाट बघते, त्यांची मीही बघत होतो.”

बाईंनी चुलत्यांना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, “सांगू दे त्यांना. माझ्याच्याने झालं नाही.”

दुसऱ्या दिवशी काका आजोबांचा एक फोटो घेऊन गेले. उजेड बघायला ते आधी आजोबांना गादीवर बसवत, तेव्हाचा; बोलता बोलता तोंड उघडं राहिलेला. चिमणीच्या खुर्चीजवळ ते जमिनीवर बसले.

“चिमणे, आजोबांची वाट बघतेस?”

तिने डोळे वर केले.

“ते येणार नाहीत गं. ते वारले. झोपेतच गेले, काही दुखलं नाही. तुला टाकून कुठे गेले नाहीत ते.”

चिमणीने डोळे घट्ट मिटले. मिटूनच राहिली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले, तेव्हा काकांनी फोटो समोर धरला. ती त्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून ताई दारातून आत आल्या.

“मी जाऊ का?” काकांनी विचारलं.

डोळे पुन्हा मिटले, घट्ट. काका थांबले. ती रडत होती तोवर, आणि त्यानंतरही.

तो फोटो तिच्या पलंगाशी, पडल्या पडल्या दिसेल असा लावला. ओळखपत्राचा फोटो काकांनी त्याच आठवड्यात काढला. बाई म्हणाल्या, “जरा हसरा नाही का घेता आला?”

“सध्या ती हसत नाही,” काका म्हणाले.

आता ते अधूनमधून रविवारी शाळेत जातात. कॅमेरा नेत नाहीत. फार बोलणं त्यांना येत नाही, आणि आजोबांसारखं तर मुळीच नाही. कधी चिमणीला ते हवे असतात, कधी नसतात. गेल्या खेपेला ती झोपली होती. काका बाकावर थोडा वेळ बसले, तिचं ओघळलेलं पांघरूण सारखं केलं, ताईंना सांगितलं आणि निघाले.