उजवा का डावा?

आमच्या गल्लीजवळच्या मुलांच्या दवाखान्यात सुई टोचायच्या आधी सगळेच खोटं बोलायचे. डॉक्टर म्हणायचे, मुंगी चावेल एवढंच. वॉर्डबॉय म्हणायचा, तो बघ कावळा. आया म्हणायच्या, काही नाही रे सोन्या. एकट्या अक्का सिस्टर खरं बोलायच्या. "दुखनार शे," त्या मुलाच्या डोळ्यांत बघून सांगायच्या, "पन थोडंसंच. कोनता हात देशी? उजवा का डावा?" आणि उत्तराची वाट बघत खरोखर थांबायच्या. रडणारं पोरही घटकाभर गप्प होऊन विचार करायचं. एवढ्या मोठ्या माणसानं त्याला आजवर काही विचारलेलंच नसायचं.

अक्का चाळीसगावच्या. रोज सकाळच्या गाडीनं जळगावला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. ठेंगण्या, काटक, खिशावर उलटं घड्याळ लावलेल्या. बिल्ल्यावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांशी त्या पुस्तकी मराठीत बोलायच्या. राग आला किंवा माया आली की अहिराणी बाहेर पडायची. माझ्या वाट्याला बहुतेक अहिराणीच आली.

कारण मी मुळातच घाबरट. हिला सुख बोचतं, असं सासूबाई म्हणतात ते खोटं नाही. त्यात नवऱ्याची नोकरी धुळ्याला, तो शनिवारी यायचा. जुई आठ महिन्यांची असताना ऐन मे महिन्यात तिला जुलाब लागले आणि मी एका चपलेवर दवाखाना गाठला. दुसरी वाटेत कुठे राहिली ते आजतागायत कळलेलं नाही. जुई कुणाला जवळ येऊ देईना. अक्कांनी तिला हातही लावला नाही. शेजारच्या स्टुलावर बसल्या, पोराला हात लावण्याआधीच्या सवयीनं तळहात एकमेकांवर चोळले आणि माझ्याशीच गप्पा मारू लागल्या. या वयात पोराला परका माणूस दिसला की जीव जातो, आईच्या मांडीवरून त्याला ओढायचं नाही, हा त्यांचा नियम. जुई माझ्या मांडीवर असतानाच सलाईन लागली. जुई किंचाळत होती, मीही रडत होते. अक्का म्हणाल्या, "रडू दे तिले. डोयामा पानी येस का, ते देख." पाणी येत होतं. अंगातलं पाणी अगदीच आटलेलं नाही याची ती खूण होती. रडणं ही चांगली बातमी असू शकते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जुई तीन वर्षांची असताना न्यूमोनियानं पुन्हा आठवडाभर तिथे होती. तेव्हा अक्कांचा दुसरा नियम समजला. खाट म्हणजे पोराचं घर, घरात सुई आणायची नाही. टोचायचं ते कोपऱ्यातल्या खोलीत, आणि परत खाटेवर आणलं की त्या दिवशी तिथे फक्त गोष्टी आणि खिचडी. एका नव्या डॉक्टरांनी घाईत खाटेवरच रक्त घ्यायला सुई काढली, तर अक्का मधे उभ्या राहिल्या. डॉक्टर चिडले. अक्का हलल्या नाहीत. जुईच्या बाहुलीची छाती मात्र त्या रोज नळी लावून तपासायच्या, आणि जुईची पाळी बाहुलीनंतर यायची.

अशा बाईचं नाव मी कशासाठी वापरलं, ते सांगायला आजही जीभ अडखळते. घरी आल्यावर जुई जेवायला कुरकुर करायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा घास तासभर गालात धरून बसायची. एक दिवस मी म्हटलं, "गीळ, नाहीतर अक्का सिस्टरला बोलावते. सुई देतील." घास गेला. मग दूध, मग केस विंचरणं, मग झोप. आपल्याकडे पोलीस, बुवा आणि नर्स ही तिन्ही माणसं पोरांना भिववायलाच जन्मलेली असतात. मीही त्या एका वाक्यावर दोन-तीन वर्षं निभावून नेली, आणि पोर किती गुणी झाली म्हणून मिरवलंदेखील.

सहाव्या वर्षी जुई दोन दिवस फार शहाण्यासारखी वागली. ताट रिकामं करायची, लवकर झोपायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाकून चालताना दिसली. अंग तापलं होतं. "काय होतंय?" म्हटलं, तर "काही नाही." दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तरी "काही नाही." पोटाला हात लावला की ओठ घट्ट मिटायची. धुळ्याला फोन लागत नव्हता.

अक्कांनी कागदावर एका मुलीचं चित्र काढलं आणि लाल खडू जुईच्या हातात दिला. "हिले कोठे दुखस, तेवढं रंगव." जुईनं पोटाच्या उजव्या बाजूला खालती खडू मोडेपर्यंत रंगवलं. कधीपासून, तर दोन बोटं वर केली. दोन दिवस. मग सांगितलं का नाही? जुई माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "अक्का सुई देतात. आई म्हणते."

अक्का माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "मना नावनी भीती घाली तू?" एवढंच म्हणाल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अपेंडिक्स होतं, आणि अजून उशीर झाला असता तर फुटलं असतं. ऑपरेशनची धावपळ सुरू झाली. सही करताना मला माझं आडनाव आठवेना. अक्कांनी मला बाजूला घेतलं. "आते पोरगीले खरं सांग. तू खोटं बोलनी व्हती, ते सांग. पोरंस्ले बठ्ठं समजस." पोरांना सगळं समजतं, हे मलाच कळलेलं नव्हतं.

मी स्ट्रेचरशी वाकले. "जुई, मी खोटं बोलले. न जेवणाऱ्या मुलांना अक्का सुई देत नाहीत." तिनं मला निरखून पाहिलं. "मग आता दुखणार नाही?" 'नाही गं राणी' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले. "दुखेल. उठल्यावर दुखेल. मी आणि अक्का खाटेपाशी असू." जुईनं माझं बोट धरलं आणि दारापर्यंत सोडलं नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा चाळीसगावची संध्याकाळची गाडी कधीच गेली होती. अक्का खाटेपाशी बसून बाहुलीच्या पोटाला पट्टी बांधत होत्या.

जुई तेरा वर्षांची झाल्यावर एकदा अक्कांनी मलाच खोलीबाहेर काढलं. "आते तिनं तिले बोलू दे." तिचं तिला बोलू दे, म्हणजे मी बाहेर. वीस मिनिटं मी दाराबाहेर घामाघूम उभी. आतून हसण्याचा आवाज आला. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलं नाही, पण त्यानंतर जुई तिच्या दुखण्याखुपण्याचं आपणहून बोलू लागली.

अक्का निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांत त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. धुळ्याला दवाखान्यात होत्या. एसटीत बसल्यापासून मी एकच वाक्य घोकत होते, काही होत नाही अक्का, बऱ्या व्हाल. खोलीत गेले तर भाची, भाऊ, शेजारी सगळे तेच म्हणत होते. अक्कांनी त्यांना चहाला पिटाळलं. चेहरा पार बारीक झाला होता.

"बठ्ठा सांगतस, काही नही व्हनार," त्या म्हणाल्या. "तू सांग."

माझा घाबरट जीव पुन्हा त्या स्ट्रेचरपाशी जाऊन उभा राहिला. घोकलेलं वाक्य मी गिळलं. "पुढचं मला माहीत नाही, अक्का. दुखेल, एवढं दिसतंय. मी आज इथेच आहे." त्यांनी मान हलवली आणि बऱ्याच दिवसांनी कुणी नीट बोललं असावं तसा श्वास सोडला.

तेवढ्यात एक तरुण नर्स सलाईनची सुई घेऊन आली आणि सवयीनं म्हणाली, "काही नाही आजी, मुंगी चावेल." मी तिला थांबवलं. अक्कांच्या दोन्ही हातांवर सुयांचे काळेनिळे डाग होते. मी माझे तळहात एकमेकांवर चोळले, त्यांचे हात हातात घेतले आणि विचारलं, "अक्का, उजवा का डावा?"

त्यांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. सहा वर्षांच्या पोरीसारखा थोडा वेळ विचार केला. मग डावा हात पुढे केला.