एनएतली घरं

माणसावर लिहिण्याइतकं मला कळत नाही, चुकलं तर माफ करा. कराडच्या कचेरीत नळजोडणीची यादी संगणकावर घ्यायला मी कॉलेजातून जायचो. तिथले कारकून भाऊसाहेब छापलेल्या यादीच्या प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून ‘व्हय’ म्हणत पुढे सरकायचे. एकदा पट्टी थांबली.

“हितली घरं कुठं गेली रं?”

“जमिनीच्या प्रकाराचा रकाना रिकामा होता, म्हणून गळली.”

“रिकामा न्हाई गड्या. एनए हाय, बिगरशेती. लोकं ऱ्हात्यात तितं.”

इंग्रजीत तीच दोन अक्षरं ‘माहिती नाही’ म्हणूनही लिहितात. माझ्या प्रोग्रामने तसंच धरून रकाना रिकामा मानला होता. तो रकाना निव्वळ मजकूर म्हणून वाचायला लावून मी यादी पुन्हा काढली. भाऊसाहेबांनी रविवारी येऊन एकेक घर कागदाशी ताडलं.

परवा त्यांचा फोन आला. “एनएत पाणी आलं रं.” मी काही बोलायच्या आत त्यांनीच ‘व्हय’ म्हटलं.