नाव जरा खोल घाला

चहा आधी पिऊन घ्या बघू. मधेच ठसका लागला तर मला बोल लावायचा नाय. माझी जी काय फजिती झाली ना, ती ऐकताना आमच्या सुनेला दोनदा ठसका लागलाय, आणि ती तर त्या फजितीत स्वतः हजर होती!

तर सुरुवात कुसुमपासून. कुसुम म्हणजे माझी धाकटी जाऊ. पेणला आमच्याच आळीत राहते. पोह्याचे पापड करून विकते. आता पापड मीपण विकते, मी आणि माझी सून प्रणाली. आणि कुसुमला लाटी तोडायला कोणी शिकवलं? मी! नवी नवरी होती तेव्हा पापड लाटायला बसली की नकाशा निघायचा. कुठल्या देशाचा, ते मास्तरालापण सांगता आलं नसतं. आणि आज उन्हाळ्याच्या ऑर्डरी कोणाच्या दारात? तिच्या!

का? तर बाटलीमुळं.

तिचा पोरगा डोलवीला कंपनीत हाय. तिकडं म्हणे दिवाळीला छत्र्या, पिशव्या, काय काय वाटतात, आणि सगळ्यांवर कंपनीचा लोगो. त्यानं आईच्या डोक्यात भरवलं, आपणपण करू. झालं! गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला कुसुमनं वाण काय लुटलं? स्टीलची पाण्याची बाटली! वर रंगीत छापलेलं 'कुसुम पापड', खाली फोन नंबर, आणि मधे पापडाचं चित्र. साधं नाय हो, हसणारा पापड! डोळे काय, दात काय!

पापडाला दात कशाला? खायचा त्याला आपण ना?

पण बायका भुलल्या. बाजारात जा, देवळात जा, बचत गटाच्या मीटिंगला जा, कुसुमचा पापड माझ्याकडं बघून दात काढतोय. माझ्या पोटात नुसती आग. ॲसिडिटीची गोळी घेतली. आमचे हे म्हणाले, "तिखट खाल्लंस काय?"

"व्हय," म्हटलं, "गेल्या संक्रांतीपासून तेच खातेय."

मग मी एक उद्योग केला. आता हसू नका. ज्यांच्याकडं जाईन तिथं म्हणायची, "तू बस गो, दमलीस, कप मी विसळते." आणि शिरायची मोरीत. तिथं बाटली दिसली की काथ्या घ्यायचा, भांड्याची पावडर घ्यायची आणि खसाखसा! एका घरी पापडाचा डोळा उडवला. एका घरी दात पाडले. एका घरी तर अख्खी कुसुम गेली, नुसता 'पापड' उरला. बायका आपसांत म्हणायला लागल्या, "शेवंताकाकू किती निवळल्या! येतात त्या भांडी घासून जातात."

या सगळ्यातून मला एक अक्कल आली. छापलेलं जातं. म्हणजे आपण वाण देऊ तेव्हा त्याच्यावरचं माझ्यासारख्या बाईलापण घासून काढता येऊ नये!

यंदाच्या संक्रांतीला प्रणाली म्हणाली, "आई, आपण स्टीलचे डबे देऊ. मी लोगो बनवलाय." दाखवलान मोबाईलमधे. सुपात पापड, वर सूर्य, बाजूनं वेलबुट्टी, 'प्रणाली गृहउद्योग', नंबर. चांगलं होतं, नाय म्हणत नाय. पण पेणमधे छापायला दिलं असतं तर संध्याकाळच्या आत कुसुमला कळलं असतं. म्हणून त्या चित्राचा प्रणालीनं काढून दिलेला कागद पिशवीत घातला, सोबत आमचा काथ्या घातला, आणि गुपचूप एसटी धरून रोह्याला गेले.

रोह्याच्या बाजारात सलीमभायचं दुकान. पेनावर, कपावर, टोपीवर, म्हणाल त्याच्यावर नाव टाकून देतात. गोड माणूस. "या मावशी, बसा. काय छापायचंय?"

"डब्यावर. पण जाता कामा नये."

"हे बघा, स्टिकर. एकदम चकाचक, रंगीत."

मी नख लावलं, टर्रकन निघाला. सलीमभाय म्हणाले, "अहो मावशी, असं मुद्दाम कोण काढतं?"

"मी."

त्यांनी दुसरा डबा काढला. "हे स्क्रीन प्रिंटिंग. शाई पक्की."

मी पिशवीतून काथ्या काढला. सलीमभाय बघतच राहिले! "मावशी, हे काय?"

"परीक्षा. जरा पाणी द्या."

घासला. चार हात मारले तर कुठल्या तरी पतपेढीचं नाव निम्मं गायब. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते स्वतःचे छापलेले कप हळूच मागं सरकवायला लागलं.

"मग मावशी, हे घ्या शेवटचं. लेझर. मशीन स्टीलमधेच कोरतं. तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनी घासलं तरी जाणार नाय."

घासलं. खांदा दुखेपर्यंत घासलं. हूं नाय की चूं नाय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो आनंदानं.

"हेच करा. आणि नाव जरा खोल घाला."

"चालेल. लोगो आणलाय?"

मी प्रणालीचा कागद काढला. पण लेझरला रंग नसतो. त्यांनी कॉम्प्युटरवर करून दाखवलं तर तो सूर्य दिसायला लागला भोकराएवढा, आणि सुपातले पापड म्हणजे भाकऱ्या करपल्यात असं वाटायला लागलं. आणि खरं सांगू? 'प्रणाली गृहउद्योग' वाचून मला जरा टोचलंच. तिकडं कुसुम स्वतःच्या नावानं मिरवते, आणि माझ्या डब्यावर माझंच नाव नाय?

"ते चित्र राहू दे," म्हटलं. "नुसतं माझं नाव घाला. आपण भांड्यावर घालतो तसं, ठसठशीत. सौ. शेवंती नामदेव पाटील, पेण."

"फोन नंबर?"

"पेणमधे मला शोधायला फोन लागतो होय?"

डबे घरी आले. प्रणालीनं एक उचलला, उलटा केलान, सुलटा केलान, झाकण उघडून आतपण बघितलंन.

"आई, लोगो कुठाय?"

"लोगोपेक्षा नाव बरं."

"आई, याच्यावर पापड हा शब्दच नाय!"

"शेवंती म्हटलं की पापड आलेच ना गो! आंबा म्हटलं की गोड वेगळं लिहावं लागतं काय?"

तिनं कपाळावर हात मारलान.

हळदीकुंकू दणक्यात झालं. डबे बघून बायका खुळावल्या. "काकू, कसला जड हाय!" "काकू, हे नाव काय जन्मात जायचं नाय." कुसुमपण आली होती. तिनं नावावरून बोट फिरवलंन आणि म्हणाली, "छान हाय हो जाऊबाय." एवढंच. त्या रात्री मी गोळी न घेता झोपले.

आणि बघा, आठवडा नाय झाला तोच चमत्कार! मी बाजारातून आले तर ओटीवर माझा डबा, आणि त्यात गरम गरम वालाचं बिरडं. आमचे हे ताट घेऊन बसलेले.

"कोण देऊन गेलं?"

"कोणतरी बाई. डबा ठेवलान, गेली."

"काय म्हणाली?"

"मी बिरड्याकडं बघत होतो."

दोन दिवसांनी दुसरा डबा, नारळीभात. मग तिसरा, त्यात सुकटीची चटणी. मग रव्याचे लाडू. माझी छाती अशी फुगली म्हणता! लोकांना माझं वाण एवढं आवडलंय की त्याच डब्यातून मला खाऊ पाठवतायत! आता ऑर्डरीपण येणारच, जरा दमानं. मी मुद्दाम कुसुमच्या अंगणात गेले.

"काय गो कुसुम, माझ्याकडं तर रोज कोण ना कोण डबा भरून पाठवतंय. तुझ्या बाटलीतून कोणी घोटभर पाणी तरी पाठवलं काय?"

"नाय हो जाऊबाय," ती म्हणाली. "माझ्याकडं नुसत्या ऑर्डरीच येतात."

भवानी!

मग पलीकडच्या गल्लीत कोणाची तरी वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा. रिक्षावाल्यानं गोणी उतरवलीन. खळळ्! आत डबेच डबे. सगळ्यांवर सौ. शेवंती नामदेव पाटील, पेण.

"काकू, वास्तुशांतीत तुमची भांडी राहिली होती. त्यांनी धुऊन पाठवलीत. मोजून घ्या, म्हणालेत."

"माझी भांडी? मी तर गेलेपण नव्हते वास्तुशांतीला!"

"नाव तुमचंच हाय ना?"

आणि त्याच संध्याकाळी भाजीच्या बाजारात आमच्या शेजारच्या विमलनं मला धरलं. चारचौघींत, मोठ्यानं.

"काय शेवंताकाकू, वाण दिलेलं परत घ्यायची कुठली पद्धत काढलीत?"

"मी कधी घेतलं गो?"

"मग माझा डबा तुमच्या ओटीवर कसा? मी रोह्याला माझ्या विहिणीकडं लाडू पाठवले त्यातून. तिनं नाव वाचलंन, तिला वाटलं मी कोणाचा तरी डबा मागून आणलाय. तिनं दुसरे लाडू भरून पेणला येणाऱ्या बाईबरोबर तो थेट तुमच्याकडं पोचता केलान. लाडू पोचले?"

पोचले होते. आमच्या ह्यांच्या पोटात.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आपल्याकडं भांड्यावर नाव कोरलेलं असलं म्हणजे काय? भांडं त्या घरचं! सख्ख्या बहिणीकडं गेलं तरी धुऊन, आत काय ना काय घालून, नाव वाचून परत जायचं. रिकामं पाठवायचं नाय. हे मला माहीत नव्हतं काय? जन्म गेला माझा असे डबे परत करण्यात! मी जाहिरात करायला गेले आणि डबा डबा माझ्या नावावर करून बसले. वास्तुशांतीला बायकांनी भरून नेलेले डबेपण असेच माझ्या दारात आले. छापलेलं असतं तर बायकांनी ठेवून घेतलं असतं. मीच म्हटलं ना, खोल घाला! आणि ते बिरडं, तो नारळीभात, तो मान नव्हता हो. रिकामा डबा परत करायचा नाय म्हणून घातलेलं होतं सगळं.

मी घरोघर जाऊन डबे परत दिले. पाया पडून दिले म्हणा ना. पंधरवड्यात निम्मे पुन्हा ओटीवर! एक तर कोलाडहून एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलान. विमलनं तर घेतलाच नाय. म्हणाली, "नको काकू, सांभाळायची जोखीम नको."

पापडाची ऑर्डर? एक नाय. आळीतल्या बायका रुसलेल्या, आणि बाहेरच्यांना डब्यावरून कळणार कसं की ही बाई पापड करते? प्रणाली रोज पिठाच्या डब्याकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. शेवटी एकदा म्हणालीच, "आई, यंदा ऑर्डर आल्या नायत तर मी डोलवीला कँटीनच्या कामाचं बघते." ते मात्र लागलं मला. तिच्या हाताला जी चव हाय, ती कँटीनमधे डाळ ढवळायला जायची?

आणि अशात कोण आली? कुसुम.

"जाऊबाय, कोलाडच्या एका लग्नात रुखवताला माझे पापड जायचेत. चांगल्या डब्यांतून द्या म्हणतायत. तुमच्याकडं पडलेत ना?"

मला पुन्हा ती गोळी आठवली. कोलाडचं लग्न, आणि तेपण तिला! नाय म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डोक्यातला किडा जागा झाला. म्हटलं शेवंते, थांब. पापड तिचे, पण डबा कोणाचा? नाव कोणाचं? रुखवतात मांडलेलं अख्खा मांडव बघणार. खाऊन झाल्यावर वाचणार काय? सौ. शेवंती नामदेव पाटील, पेण! मेहनत कुसुमची, ऑर्डरी माझ्या दारात!

"ने गो, ने," म्हटलं. "सगळे ने. जावाजावांत काय आलंय!"

प्रणालीनं मागून माझा पदर ओढलान. मी ओढू दिला.

आणि लग्न झालं तशी खरंच कोलाडहून एक बाई आली हो! गाडीतून, चांगली काठापदराची साडी. आळीच्या तोंडापासून विचारत आली, शेवंती पाटलांचं घर कुठलं. मी कुसुमच्या खिडकीकडं एकदा बघून घेतलं, पडदा हललेला दिसला, तेव्हा बाईला मोठ्यानं आत बोलावलं. पाट, पाणी, चहा. प्रणालीला खूण केली, दोन पापड तळून आण.

बाईनं पापड मोडलान, खाल्लान. "वा! रुखवतातले असेच होते. काय हलके, काय कुरकुरीत!"

"सगळं माझ्या हातचं," मी म्हटलं. लाज? ती त्या दिवशी मी गोणीत भरून ठेवली होती.

"हो? मग कुसुमताई म्हणाल्या की त्या तुमच्याकडूनच शिकल्या, ते खरंच की. त्यांना मी पापडांचं सांगून आलेय. माझ्या मुलीचं लग्न हाय ना."

"मग माझ्याकडं?"

"त्याच म्हणाल्या, भांड्यांचं मोठ्या जाऊबाय बघतात. डबे भाड्यानं द्यायचा तुमचा धंदा हाय ना? एवढ्या सगळ्यांवर नाव घातलंय म्हणून मी त्यांना विचारलं होतं. हरवत नसतील अजिबात! पातेलीपण मिळतील काय?"

माझ्या तोंडातला पापड तिथंच मऊ पडला. पण आतून, तळणीवरून, प्रणालीचा आवाज आला, असा खणखणीत की कुसुमच्या घरापर्यंत गेला असेल:

"मिळतील की काकी! किती माणसांचं जेवण?"

तर आता असं हाय. प्रणाली डोलवीला गेली नाय, भाड्यानं द्यायला पातेली आणलीत, कढया आणल्यात, या लग्नसराईत तिला जेवायला फुरसत नाय. कुसुमचे पापड माझ्या डब्यांतून साऱ्या तालुक्यात फिरतात, आणि डबे तेवढे न चुकता माझ्याकडं परत येतात. तुम्ही कधी पेणला आलात तर या घरी. फक्त पापडवाल्या शेवंताबाय कुठं राहतात असं विचारू नका, लोक कुसुमच्या दारात नेऊन सोडतील. भांडीवाली म्हातारी म्हणा, म्हणजे बरोबर माझ्याकडं याल.