बायको सोडून गेल्याचं गाणं

मी नागपुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि रविवारी संध्याकाळी सदर भागातल्या एका हॉटेलात ब्लूज आणि सोल ही अमेरिकी धाटणीची गाणी गातो. हॉटेलातले मला प्रोफेसर म्हणतात, कॉलेजातले गवय्या, आणि दोन्हीकडे त्या शब्दात जरा कीवच असते. सोल म्हणजे आत्मा, हे कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातलं, तेव्हापासून योगवर्गाची प्रार्थनाही माझ्याच गळ्यात पडली आहे.

ब्लूजचं काम सोपं आहे. एक दुःख घ्यायचं आणि एकच ओळ दोनदा म्हणायची. वर्गात मी इतकी वर्षं तेच करतो, फक्त तिथे टाळ्या पडत नाहीत. दुःखही बहुतेक ठरलेलं असतं: बायको सोडून गेली. मग ते आपल्या बोलीत का नको, म्हणून मीही एक रचलं, "सकाळी उठलो तं बायको नाही घरात, चहा करून राहिलो तं साखर नाही डब्यात." लोक पनीर चघळत माना डोलवायचे.

एका रविवारी प्राचार्य सहकुटुंब तिथे जेवायला आले. माझ्या कुठल्याही व्याख्यानावर आजवर कुणी ठेवला नसेल इतका विश्वास त्यांनी त्या गाण्यावर ठेवला. सोमवारी स्टाफरूममध्ये मी शिरताच बोलणं थांबलं. कुणी डब्यातली भाजी पुढे केली, कुणी माझी परीक्षेची ड्यूटी परस्पर स्वतःकडे घेतली. माझ्या शोधनिबंधाची अखेर कुणीतरी दखल घेतली, असं मला आठवडाभर वाटत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी प्राचार्य आणि मराठीच्या विभागप्रमुख मॅडम घरी आले. बरोबर संत्रा बर्फी होती. बायको सोडून गेलेल्याकडे काय न्यायचं याची रीत ठरलेली नसल्याने त्यांना तरी काय दोष द्यावा? दार बायकोनंच उघडलं. ती कळमेश्वरच्या शाळेत शिकवते, रोज बसने जाते-येते, आणि सुटीच्या त्या एकाच दिवशी उत्तरपत्रिकांचा ढीग उपसत बसली होती. मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि परत आलात हे फार बरं केलं म्हणाल्या.

मी घाईघाईने सांगितलं की या संगीतात असंच म्हणायची पद्धत असते. प्राचार्यांना ते पटलं नाही. एवढा दर्द उगीच येत नाही, असं त्यांचं मत पडलं. शेवटी मॅडमनी बायकोलाच विचारलं, खरोखर कुठे गेला होतात का?

"मी कुठं गेली मॅडम? मी तं इथंच असते. जातेत तं हे. सहा दिवस कॉलेजले, सातव्या दिवशी गाण्याले."

प्राचार्यांनी आपणच आणलेली बर्फी खाल्ली, चहाची तारीफ केली आणि दोघं निघाले.

माझीही निघायची वेळ झाली होती. मी गिटार खांद्याला लावली. बायको पत्रिका तपासत होती.

"त्या गाण्यातली बायको परत येते का, शेवटी?" तिने मान वर न करता विचारलं.

मी म्हटलं, नाही, या गाण्यांत गेलेली बायको परत येत नसते.

"मंग बरं आहे तिचं," ती म्हणाली आणि पुढची पत्रिका ओढली.

मला फार लागलं ते. तरी मी गेलो. लोकांनी त्याच गाण्याची फर्माईश केली, आणि पहिली ओळ दुसऱ्यांदा काही माझ्याच्याने म्हणवली नाही.