आईचा चार दिवसांचा ताप

आत्याला चारचौघींत खाली मान घालायला लावायची, हे मी बारावीत असतानाच ठरवलं होतं. कशी, ते ठाऊक नव्हतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात पाठवल्याबद्दल आईचे आणि शिकवणाऱ्या सगळ्यांचे उपकार मी मानते. पण सुरुवातीची काही वर्षं मी अभ्यास केला तो ज्ञानासाठी नव्हे, एवढं इथं कबूल करते.

माझी धाकटी बहीण आता पंधरा वर्षांची आहे. ती बोलत नाही. बांगड्या दिल्या तर रंगाच्या छटांप्रमाणे ओळीनं मांडते, आणि एक जरी कुणी हलवली तरी दिवसभर रडते. ती चार वर्षांची असताना सांगलीच्या डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. आमच्या भावकीत मात्र तिच्या दुखण्याचं कारण डॉक्टरांच्याही आधी ठरलेलं होतं. आई ग्रहणात पाणी प्यायली, म्हणून पोर अशी झाली.

ते ग्रहण मला आठवतं. मी दहा वर्षांची होते. संक्रांत नुकतीच झाली होती, ऊसतोड जोरात होती. वडील लष्करात, तेव्हा पंजाबात. आईला पाचवा महिना. घरात मोठं कुणी नाही म्हणून कराडजवळच्या मलकापूरची आत्या, वडिलांची थोरली बहीण, राहायला आली होती. आईला आदल्या दोन दिवसांपासून ताप होता. जनावरांसाठी उसाचं वाढं आणायला गेली ती कुडकुडतच परत आली. गावात तेव्हा घरोघरी ताप होता. दवाखान्याच्या सिस्टर घरी येऊन गोळ्या देऊन गेल्या, आठ तासांनी एक घ्या म्हणाल्या. सिस्टर वळणावर दिसेनाशा झाल्या तशी आत्यानं गोळ्यांची पुडी चुलीत टाकली.

"पोटुशीला गोळी उष्ण पडती," आत्या म्हणाली. "आमी पाच बाळंतपणं केली, एक गोळी खाल्ली न्हाई."

ग्रहणाच्या दिवशी दारं-खिडक्या लावल्या. आईला चटईवर सरळ निजवलं. हातपाय मुडपायचे नाहीत, खायचं नाही, प्यायचं नाही. आत्या उंबऱ्याशी राखण बसली. भर दुपारी ती मागच्या परड्यात गेली तेव्हा आईनं माझ्याकडं बघितलं. ओठ पार सुकले होते. पाणी तिनं मागितलं नव्हतं. मीच तांब्या भरला आणि तिच्या तोंडाला लावला. ती घटाघटा प्यायली. आत्या परत आली तेव्हा रिकामा तांब्या चटईजवळच होता.

"कुणी दिलं?"

"मीच उठून घेतलं वन्सं," आई म्हणाली.

ग्रहण सुटल्यावर आत्यानं तिला त्या तापात डोक्यावरून गार पाण्यानं अंघोळ घातली. ताप आणखी दोन दिवस राहिला.

पुढं बहीण झाली, मोठी होत गेली, बोलेना. मग आत्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तांब्याभर पाण्याची गोष्ट सांगू लागली. आईनं पंधरा वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी मात्र रोज मनात म्हणायचे, पाणी मी दिलं होतं. बहिणीकडं बघून वाटायचं, खरंच माझ्यामुळं असेल तर?

कराडच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, नंतर एम.एस्सी. केलं. इम्युनॉलॉजी शिकवणाऱ्या मॅडमनी एका तासाला जे सांगितलं, ते ऐकताना माझं लिहायचं थांबलं. गरोदर बाईला संसर्ग झाला की जंतू बाळापर्यंत पोचलाच पाहिजे असं नाही. आईचं शरीर त्याच्याशी लढताना रक्तात काही निरोप्ये पदार्थ सोडतं, सायटोकाइन नावाचे. ते फार वाढले की वारेला, म्हणजे प्लॅसेंटाला, खबर लागते, आणि बाळाच्या मेंदूतल्या राखणदार पेशी अवेळी जाग्या होऊ शकतात. एरवी याच पेशी मेंदूची जोडणी करायला मदत करतात, नको असलेले दुवे छाटतात. त्यांचं काम बिघडलं तर मेंदूची घडण बदलू शकते. गाभण उंदरांना जंतू न टोचता नुसतं जंतूसारखं भासणारं द्रव्य टोचलं, तरी पिल्लांच्या वागण्यात फरक दिसतो.

तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं. ताप, चुलीत टाकलेल्या गोळ्या, गार अंघोळ.

"चढलेला ताप अंगावर काढणं चूकच," मॅडम म्हणाल्या. "पण ताप आलेल्या बहुतेक बायकांची मुलं व्यवस्थित असतात. आणि ताप न येताही अशी मुलं जन्मतात. एका मुलीकडं बोट दाखवून, हे अमक्यामुळंच झालं, असं आपल्याला म्हणता येत नाही. हे विसरू नकोस."

मी विसरले नाही. फक्त ते वाक्य बाजूला ठेवलं. मला हवं होतं ते मिळालं होतं.

यंदा आत्याच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. आत्यानं फोनवरून मुद्दाम सांगितलं, सगळ्यांनी या. सांगलीत मी ज्या लॅबमध्ये नोकरी करते तिथं मी एक दिवसाची रजा टाकली. आईला म्हटलं, बहिणीलाही नेऊ.

मलकापूरच्या घरी तीस-चाळीस बायका होत्या. सून हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर बसली होती. बहीण आईला चिकटून होती. गलबला वाढला की कान झाकायची, पण त्या दिवशी तिनं खूप सांभाळून घेतलं. सुनेनं तिला आपल्या हातातल्या चार बांगड्या काढून दिल्या आणि ती त्या मांडत बसली. मला वाटलं, आज काही बोलावं लागणार नाही. मग ओटी भरायची वेळ झाली.

"वैनी," आत्या म्हणाली, "तुमी हिला घिऊन जरा आतल्या खोलीत बसा. सुनबाईच्या नजरंसमोर नगं."

आई लगेच उठली. तिला या गोष्टींची सवयच होती. बहिणीनं मांडलेल्या बांगड्या ती गोळा करायला लागली तशी बहीण किंचाळली.

"आई, बस," मी म्हटलं.

"अगं, तुला कळत न्हाई," आत्या म्हणाली. "चांगलं काम हाय. गिराणात पानी प्यालेल्या बाईनं ओटी भरू नये. मी दाराशी बसून राखत हुते, तरी प्याली."

"पाणी मी दिलं होतं आत्या."

आईनं माझा पदर ओढला. कुणीतरी फिसकन हसलं. आत्याच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "आता गं बया! पोरीनंच दिलं म्हनं."

"हो, मी दिलं. आणि ते द्यायलाच पाहिजे होतं. आता तू सांग, सिस्टरनी दिलेल्या गोळ्या कुठं टाकल्यास?"

"कसल्या गोळ्या?"

"चुलीत टाकलेल्या. मी तुझ्या मागंच उभी होते."

"ताप काय, येतो नि जातो. शिकलीस म्हणून लय बोलाय लागलीस."

मग मी खरंच बोलले. वर्गात शिकवावं तसं, एकेक पायरी. आईचं अंग चार दिवस पेटलेलं असताना रक्तात काय होतं, वारेला काय कळतं, बाळाच्या मेंदूतल्या पेशी कशा जाग्या होतात. शेवटी म्हटलं, "माझ्या बहिणीचा मेंदू घडत होता तेव्हा ताप उतरवायची गोळी तुझ्या हातात होती. तू ती जाळलीस. आणि पंधरा वर्षं माझ्या आईला पाणी प्यायली म्हणून शिक्षा दिलीस."

आत्याच्या हातात ओटीचा नारळ होता. तो तिनं ताटात परत ठेवला. "मी चांगल्यासाठीच केलं गं," एवढं म्हणाली आणि खरंच खाली बघू लागली. त्या क्षणाची मी बारावीपासून वाट बघत होते. मला फार बरं वाटलं, ते लपवून काय उपयोग?

सुनेनं हळूच विचारलं, "ताई, मग ताप आला तर काय करायचं?"

"अंगावर काढायचा नाही. लगेच डॉक्टरकडं जायचं, ते देतील ती गोळी घ्यायची. आणि घाबरायचं नाही, बहुतेकींचं सगळं नीट होतं."

ओटी पहिली आईनंच भरली. तसं कुणी म्हटलं नव्हतं. सून झोपाळ्यावरून उठून आईसमोर येऊन उभी राहिली.

परतीच्या एस.टी.त बहीण खिडकीच्या गजाला कपाळ लावून झोपली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय. नेर्ले मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "ते पदार्थ का काय म्हणालीस, ते माझ्याच रक्तात तयार झालं व्हय?"

"हो."

"वन्संनी न्हाई घातलं."

"नाही."

"मग पान्यापरीस हे वाईट झालं की गं. पानी तर बाहेरचं हुतं."

बदल्याच्या नादात मी आईला तांब्यातून सोडवलं आणि तिच्याच रक्तात अडकवलं होतं. मग तिचा हात हातात घेऊन मॅडमचं सगळं बोलणं सांगितलं. ते रक्त तिला आणि बाळाला वाचवायलाच लढत होतं. आणि बहीण त्या तापामुळंच अशी झाली, असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "हे तिथं का न्हाई बोललीस?"

"आत्याला सांगायचं नव्हतं."

"तिला नगं. मला तरी आधी सांगायचं हुतंस." पेठ नाका आला तशी ती बहिणीला उठवू लागली.

आठवड्यानं सुनेचा फोन आला. सासूबाई नीट जेवत नाहीत, सारखं विचारतात, पोर खरंच माझ्यामुळं तशी झाली का? मी म्हटलं, समक्ष येऊन सांगते. आई दर रविवारी आठवण करते. "जाऊन ये. मी सांगून पटायचं न्हाई तिला, तुझ्या तोंडचंच ऐकंल. घटकाभराचं काम हाय."

घटकाभराचंच आहे, मला माहीत आहे. या दोन महिन्यांत लॅबच्या कामासाठी मी तीनदा कराडला गेले. तिथून मलकापूर चालत जाण्याएवढं जवळ. तिन्ही वेळा संध्याकाळची गाडी धरून परत आले. सून बरी आहे, तिच्याशी माझं दर चार दिवसांनी बोलणं होतं. आत्या तिच्या मागं उभी असते, तिचा श्वास मला फोनवर ऐकू येतो. बाळ झालं की बघायला जाईन तेव्हा तिला उरलेलं, मॅडमचं ते बाजूला ठेवलेलं वाक्य, सांगेन. त्याआधी नाही.